शिकागोच्या थंडीत टिकणारं, दसऱ्याच्या सुमारास फुलणारं आणि दर वर्षी आपलं आपण उगवणारं फूलझाड सुचवा

वेदवती (अरोरा, इलिनॉय)

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी आम्ही अपार्टमेंट सोडून स्वतःच्या घरात आलो. मागे बऱ्यापैकी मोकळी जागा आहे. माती मात्र अगदी चिकण. एप्रिलमध्ये पाऊस झाला की बूट रुततात आणि जुलैत तिलाच भेगा पडतात. पश्चिमेच्या कुंपणालगत लांबलचक पट्टा रिकामा आहे, तिथे सकाळी दहापासून मावळेपर्यंत ऊन असतं. एका टोकाला छताच्या पन्हळीचं पाणी उतरतं, त्यामुळे तो कोपरा ओलसर राहतो. दुसरं टोक ड्राइव्हवेला लागून आहे, ते खडखडीत कोरडं.

मला नवरात्र-दसऱ्याच्या दिवसांत घराची फुलं हवी आहेत. गणपती आले की इथल्या दुकानांबाहेर शेवंतीच्या गच्च भरलेल्या कुंड्या मांडतात. त्या आणून फुलं संपल्यावर जमिनीत लावल्या, तर वसंतात तिथे नुसती वाळकी काटकी उरते. झेंडू दर वर्षी पेरते, पण दसरा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गेला की पहिल्या हिमकणांच्या आधी तो हाती लागेल याचा भरवसा नसतो. यंदा अधिक महिन्यामुळे दसरा थेट २० ऑक्टोबरला आहे.

एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहील, उणे वीसच्या थंडीत मरणार नाही आणि शरद ऋतूत फुलेल असं काही आहे का? नर्सरीत कुणीतरी अ‍ॅस्टर म्हणालं. आपल्याकडे हारात असतं तेच का हे?

कृष्णाकाठ (बटेव्हिया, इलिनॉय)

वेदवती, तुम्ही माझ्यापासून अर्ध्या तासावर आहात. माती तीच, थंडी तीच, त्यामुळे मनापासून आणि सविस्तर लिहिते.

अ‍ॅस्टरच लावा. पण आधी एक घोळ दूर करू. आपल्याकडे हारात, वेणीत जे अ‍ॅस्टर असतं ते चायना अ‍ॅस्टर. ते एका हंगामाचं झाड आहे, बी पेरायचं, फुलं घ्यायची, संपलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या 'फुले गणेश' नावाच्या जाती त्याच्याच. तुमच्या नर्सरीवाल्याला अभिप्रेत असलेलं अ‍ॅस्टर इथल्या प्रेअरीचं, म्हणजे मूळच्या गवताळ माळरानाचं, बहुवर्षायू. थंडीत जमिनीवरचा भाग पूर्ण वाळतो, मुळं जिवंत राहतात आणि एप्रिलच्या शेवटी पुन्हा फुटतात. जानेवारी २०१९ मध्ये ध्रुवावरची थंड हवा खाली उतरली तेव्हा शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उणे २३ फॅरनहाइट नोंदलं गेलं होतं, म्हणजे उणे ३० सेल्सियसच्याही खाली. त्या वर्षी माझे गुलाब गेले. अ‍ॅस्टरचा एकही गड्डा गेला नाही.

याचं कारण साधं आहे. तुमचं घर आहे तिथे दोनशे वर्षांपूर्वी पुरुषभर उंचीचं गवत होतं. १८२० च्या सुमाराला इलिनॉयमध्ये जवळपास २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. तुमचे बूट ओढून धरणारी ही माती तेव्हा लाकडी आणि ओतीव लोखंडाच्या नांगरांनाही चिकटून बसायची, शेतकऱ्याला घडोघडी थांबून फाळ खरवडावा लागायचा. १८३७ मध्ये ग्रँड डिटूर गावच्या जॉन डिअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळ बनवला, माती त्यावरून घसरू लागली आणि पुढच्या काही दशकांत प्रेअरी नांगरली गेली. मूळ, चांगल्या अवस्थेतली प्रेअरी आता सगळी मिळून अडीच हजार एकरांच्या आसपास उरली आहे. तीही कुठे, तर जिथे नांगर कधी पोचला नाही अशा जागी: जुन्या दफनभूमीत आणि रेल्वेच्या कडेला. मी फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या आवारातल्या प्रेअरीवर बी गोळा करायला जाते. तिथे १९७५ मध्ये पहिली पेरणी झाली ती अशाच तुकड्यांवरून वेचलेल्या बियांची, डॉ. रॉबर्ट बेट्झ यांच्या पुढाकाराने. सप्टेंबरअखेर तिथे खांद्याएवढ्या तांबूस गवतात जांभळी अ‍ॅस्टर उभी असतात. तुम्ही एकदा जाऊन बघाच. म्हणजे झाडाला काय हवंय ते मी सांगायची गरज उरणार नाही.

आता कोणतं अ‍ॅस्टर. इथल्या मातीतली बरीच आहेत, पण तुमच्या पट्ट्याला दोन पुरेत.

पन्हळीच्या ओलसर टोकाला न्यू इंग्लंड अ‍ॅस्टर. शास्त्रीय नाव सिम्फियोट्रायकम नोव्ही-अँग्लिई. पूर्वी ते अ‍ॅस्टर याच प्रजातीत धरत, १९९०च्या दशकात वेगळं काढलं, त्यामुळे लेबलवर दोन्हींपैकी काहीही लिहिलेलं सापडेल. चार ते सहा फूट उंच, खोड केसाळ, पानं देठाशिवाय खोडाला मिठी मारून बसलेली. फूल रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, गडद जांभळ्या अरुंद पाकळ्यांची दाट झालर आणि मध्ये पिवळी चकती. चिकणमाती त्याला आवडते, थोडं पाणी साचलं तरी तक्रार नाही. ऑगस्टच्या शेवटी सुरुवात करतं, ऐन भर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.

ड्राइव्हवेच्या कोरड्या टोकाला ॲरोमॅटिक अ‍ॅस्टर, सिम्फियोट्रायकम ऑब्लाँगिफोलियम. हे दोन-तीन फुटांचं, गोल झुडपासारखं, फुलं निळसर जांभळी. पान चुरगळलं की राळेसारखा वास येतो. मुळात चुनखडीच्या, खडकाळ, कोरड्या टेकाडांवरचं झाड आहे, त्यामुळे पाण्याची हाव नाही. आणि हे उशिरा फुलतं: सप्टेंबरच्या शेवटी सुरू होऊन ऑक्टोबर संपेपर्यंत, कधी नोव्हेंबर लागला तरी चालूच. 'ऑक्टोबर स्काइज' आणि 'रेडन्स फेव्हरिट' या त्याच्या सहज मिळणाऱ्या जाती.

म्हणून माझं म्हणणं असं की अ‍ॅस्टर निवडताना उंची आणि रंगाच्या आधी पंचांग काढा. दसरा कधी ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतो, कधी महिन्याच्या शेवटाकडे. गेल्या वर्षी २ ऑक्टोबरला होता, त्याआधी २०२४ मध्ये १२ ला, २०२३ मध्ये २४ ला. न्यू इंग्लंड अ‍ॅस्टर लवकरच्या दसऱ्याचं, ॲरोमॅटिक अधिक महिन्याच्या वर्षाचं. यंदाच्या २० तारखेला न्यू इंग्लंडवर फार तर शेवटची चार फुलं असतील. एकच लावलं तर तीन वर्षांतून एकदा हिरमुसाल, दोन्ही लावली तर दसरा कधीही येवो. आणि आपल्या भागात ऑक्टोबरच्या मध्याला जे पहिले हलके हिमकण पडतात त्यांनी झेंडू एका रात्रीत काळा पडतो, अ‍ॅस्टरला काही होत नाही. सकाळी पाकळ्यांच्या कडेवर पांढरी रेघ असते, दहाच्या उन्हात ती विरते आणि फूल पुन्हा उघडतं.

फुलांच्या बाबतीत एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. न्यू इंग्लंड अ‍ॅस्टर रात्री आणि अंधुक उजेडात पाकळ्या मिटतं. तोडून देव्हाऱ्यात ठेवलंत तर तासाभरात मिटलेली बोंडं दिसतात. म्हणून मी ते तोरणात घालत नाही. सकाळची पूजा उशिरा असेल तर ऊन लागलेली फुलं तोडून लगेच वाहायची, नाहीतर झाडावरच ठेवायची. तोरणाला झेंडू तो झेंडूच, तो पेरणं सोडू नका, फक्त दोन कुंड्यांत पेरा म्हणजे थंडीच्या रात्री गराजमध्ये ओढता येतील.

तुमच्या शेवंत्या का मरतात तेही इथेच लिहिते, कारण बऱ्याच घरांत हे चालतं. त्या कुंड्या विक्रीच्या दिवशी गच्च फुललेल्या दिसाव्यात म्हणून वाढवलेल्या असतात. झाडाने सगळी ताकद फुलांत घातलेली असते. ऑक्टोबरअखेर जमिनीत गेल्यावर नवी मुळं सोडायला त्याला दिवसच उरत नाहीत. जमीन गोठते, वितळते, पुन्हा गोठते आणि उथळ गड्डा वर उचलला जातो. तुम्ही काही कमी केलं नाहीत.

वेदवती (अरोरा, इलिनॉय)

ताई, किती छान समजावलंत! पंचांगाचा मुद्दा तर माझ्या डोक्यातही आला नव्हता. दोन्ही लावते. आता लावायचं कसं तेही सांगा ना. खड्ड्यात शेणखत, कंपोस्ट किती घालू? आमच्याकडे लॉनवाले महिन्यातून एकदा येऊन खत मारून जातात, ते चालेल का? आणि सहा फूट उंच म्हणजे वाऱ्याने पडणार नाही ना?

कृष्णाकाठ (बटेव्हिया, इलिनॉय)

तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीपाशी येतं: या झाडाचे लाड करायचे नाहीत.

माझे वडील वाईजवळ हळद लावायचे. हळदीला शेणखत किती लागतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांचा हात खत घातल्याशिवाय राहत नाही, मला समजतं. पण प्रेअरीचं अ‍ॅस्टर शेकडो वर्षं गवताच्या दाटीत, कुणी न घातलेल्या खतावर वाढलंय. त्याला कंपोस्ट दिलंत की ते जून-जुलैत भराभर उंच होतं, खोड मऊ राहतं आणि फुलांचं वजन आलं की पावसाच्या एका सरीत मधून फाकून चारी दिशांना लोळतं. लोक मग काठ्या, दोऱ्या, लोखंडी कडी घेऊन बसतात. खड्ड्यात काहीही घालू नका. कुंडीच्या दुप्पट रुंद आणि कुंडीएवढाच खोल खड्डा काढा, गड्ड्याभोवती गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करा, निघालेलीच माती परत लोटा. चिकणमातीत फक्त खड्ड्यापुरती भुसभुशीत माती भरली तर त्याची बादली होते आणि पाणी तिथेच तुंबतं. वर वाळक्या पानांचा दोन इंच थर, पण खोडाला टेकू न देता. झाडांत अडीच-तीन फूट अंतर ठेवा. आज ते भकास दिसेल, पण तिसऱ्या वर्षी एकेक गड्डा तेवढा होतो.

लावायची वेळ मे महिना. तुमच्याच भागात मे महिन्यात देशी झाडांच्या विक्री भरतात, तिथे छोट्या प्लगमध्ये (ट्रेच्या लहान खणांत वाढवलेली रोपं) मिळतील. ती फुललेल्या मोठ्या कुंडीपेक्षा स्वस्त आणि लवकर रुजणारी. पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा खोलवर पाणी. दुसऱ्या वर्षापासून न्यू इंग्लंडला फक्त कडक दुष्काळात आणि ॲरोमॅटिकला तेव्हाही नाही.

लॉनवाल्यांना या पट्ट्यापासून लांब ठेवा, हे मात्र ठासून सांगते. ते जे मारतात त्यात नुसतं खत नसतं, बहुतेक वेळा रुंद पानांचं तण मारणारं औषध मिसळलेलं असतं. गवत वाचतं आणि बाकी सगळं वाकडं होतं. अ‍ॅस्टर हे रुंद पानांचंच झाड. कुंपणालगत खुंट्या ठोकून दोरी बांधा आणि त्यांना लेखी कळवा.

आता उंचीचं. याचा उपाय कात्री. जूनच्या सुरुवातीला झाड गुडघ्याएवढं झालं की प्रत्येक खोड वरून तिसरा हिस्सा, धीर असेल तर निम्मं छाटा. धारदार कात्रीने, पानांच्या जोडीच्या अगदी वर. हात कचरतो, कारण झाड तेव्हा तजेलदार असतं आणि आपण त्याचा शेंडा मारत असतो. दहा-बारा दिवसांनी बघा: जिथे एक शेंडा होता तिथे पानांच्या काखेतून तीन-चार नवे फुटवे निघालेले दिसतात आणि त्या प्रत्येकाच्या टोकाला पुढे फुलं येणार. झाड चार फुटांवर थांबतं, दाट होतं, काठी लागत नाही. हवं तर जूनच्या शेवटी पुन्हा एकदा शेंडे खुडा. पण ४ जुलैनंतर कात्री अजिबात लावायची नाही, तोपर्यंत झाड कळ्यांच्या तयारीला लागतं. तो सुट्टीचा दिवस आहे म्हणून तारीख लक्षात राहते.

हाच उपाय दसऱ्यालाही कामी येतो. छाटलेलं खोड न छाटलेल्यापेक्षा काही दिवस उशिरा फुलतं. यंदासारख्या वर्षी मी न्यू इंग्लंडची पुढची निम्मी खोडं छाटते आणि मागची तशीच ठेवते. मागची आधी फुलतात, पुढची नंतर, आणि बहर लांबतो.

खालची पानं ऑगस्टमध्ये तपकिरी होऊन वाळतात. घाबरू नका, रोग नव्हे, ही त्याची सवयच आहे. समोर काहीतरी बुटकं लावलं की झाकतं. मी प्रेअरी ड्रॉपसीड नावाचं गवत लावलंय, केसांसारखं बारीक, कारंज्यासारखं झुकणारं. ऑगस्टमध्ये ते फुलोऱ्यावर आलं की त्याला चक्क कोथिंबिरीसारखा वास येतो. कुणाला लाह्यांसारखा वाटतो, मला कोथिंबिरीचाच येतो.

सश्यांचं तेवढं बघा. एप्रिल-मेमध्ये कोवळे फुटवे ते मुळापर्यंत खातात. पहिली दोन वर्षं कोंबडीच्या जाळीचं गोल कडं फूट-दीड फूट उंच उभं करा, मेअखेर काढा.

उत्तरेकडचा (मिनीॲपोलिस, मिनेसोटा)

कृष्णाकाठ ताईंच्या सगळ्याला अनुमोदन. आम्ही तुमच्यापेक्षा बरेच उत्तरेला, थंडी आणखी कडक, तरी न्यू इंग्लंड अ‍ॅस्टर इथे रस्त्याकडेच्या चरांत आपोआप वाढतं. ॲरोमॅटिकही टिकतं, पण आमच्याकडे हिमकण लवकर येतात, त्यामुळे त्याचा उशिराचा बहर कधी कधी अर्ध्यावर गारठतो. तुम्हाला तिथे तो पुरता मिळेल.

खर्च वाचवायचा असेल तर बियांपासून करा. या बियांना उगवण्याआधी साधारण दोन महिने ओल्या थंडीत राहावं लागतं. त्यासाठी फ्रिज अडवायची गरज नाही. दुधाचा गॅलनचा पारदर्शक कॅन मधून आडवा कापायचा, एका बाजूला बिजागरीसारखा जोडलेला ठेवायचा, तळाला पाण्यासाठी भोकं, चार इंच माती, वर बी नुसतं शिंपडून हाताने दाबायचं, झाकायचं नाही. बी बारीक आहे, खोल गेलं तर उगवत नाही. कॅन पुन्हा चिकटपट्टीने बंद करून टोपण काढून टाकायचं आणि डिसेंबर-जानेवारीत अंगणात, बर्फात ठेवून द्यायचा. एप्रिलमध्ये आत हिरवं दिसू लागतं. पहिल्या वर्षी फूल थोडं किंवा अजिबात नाही, दुसऱ्या वर्षी भरपूर.

जोडीला गोल्डनरॉड लावा. पिवळं आणि जांभळं शेजारी शेजारी फुललं की पट्टा भरून जातो. आमच्या मंडळातल्या एकांनी मला बजावलं होतं की त्याने शिंका येतात. ते खरं नाही. गोल्डनरॉडचे परागकण जड आणि चिकट असतात, ते कीटकांच्या अंगाला लागून जातात, हवेत फारसे उडत नाहीत. शिंका येतात त्या त्याच दिवसांत फुलणाऱ्या रॅगवीडमुळे, त्याची हिरवट फुलं कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

कृष्णाकाठ (बटेव्हिया, इलिनॉय)

गोल्डनरॉडचं अगदी बरोबर, पण वेदवतींच्या एवढ्याशा पट्ट्यात कॅनडा गोल्डनरॉड चुकूनही नको. ते मुळांनी पसरत शेजाऱ्याच्या अंगणात जातं. शोई गोल्डनरॉड घ्या, सॉलिडॅगो स्पेसिओसा. एका जागी गड्डा करून राहतं आणि फुलांचे तुरे सरळ उभे.

बियांबद्दल एक भर. जाती विकत घेतल्या असतील ('पर्पल डोम' वगैरे) तर त्यांच्या बियांतून उगवलेली रोपं आईसारखी निघत नाहीत. ठेंगण्या जातीच्या पोटी पाच फुटी पोर येतं. हुबेहूब तीच हवी तर दर तीन वर्षांनी वसंतात गड्डा उपटून वाटणी करा. मधला म्हातारा, लाकूड झालेला भाग फेकायचा आणि कडेचे जोमदार फुटवे पुन्हा लावायचे.

वेदवती (अरोरा, इलिनॉय)

दोघांचे खूप आभार. अजून एक विचारू का? फुलं गेल्यावर सगळं कापून टाकायचं ना? आमच्या वसाहतीच्या समितीचं पत्र येतं, अंगण नीटनेटकं ठेवा म्हणून. वाळलेल्या काड्या हिवाळाभर उभ्या ठेवल्या तर कुणीतरी बोलेल अशी भीती वाटते.

कृष्णाकाठ (बटेव्हिया, इलिनॉय)

कापू नका. या एका गोष्टीसाठी मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

आधी ऑक्टोबरात त्या झाडावर काय चालतं ते सांगते. थंड सकाळी सातला बाहेर गेलात तर फुलांवर केसाळ भुंगे निश्चल बसलेले दिसतील, पाठीवर दवाचे थेंब. ते मेलेले नसतात. बहुतेक नर असतात, त्यांना परतायला घर नसतं, रात्र फुलावरच काढतात. ऊन अंगावर आलं की आधी पाय हलतात, मग पंख थरथरतात आणि मग उडतात. त्याच दिवसांत भुंग्यांच्या नव्या राण्या पोट भरून घेत असतात, कारण बाकीची सगळी वसाहत थंडीत मरणार आणि जमिनीत झोपून पुढच्या वसंताला पोचणार ती एकटी राणीच. तेव्हा आजूबाजूच्या बागांत दुसरं काही फुललेलं नसतं. काही एकांड्या रानमाश्या तर अ‍ॅस्टर-गोल्डनरॉडच्या परागांवरच पिल्लं वाढवतात. फुलाची मधली चकती बघत राहा. पिवळी आहे तोवर आत मध आहे, परागीभवन झालं की ती तांबूस होते आणि माश्या तिथे फिरकत नाहीत.

आणि मोनार्क फुलपाखरं. सप्टेंबरच्या मध्याला ती आपल्यावरून दक्षिणेकडे जातात, थेट मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांवरच्या ओयामेल वृक्षांपर्यंत, तीन हजार किलोमीटरांच्या आसपास. एकेकाचं वजन अर्धा ग्रॅम. वाटेत मध मिळाला नाही तर ती पोचत नाहीत, आणि हिवाळाभर पुरेल एवढी चरबीही याच फुलांतून साठवायची असते. आपल्याकडे रुईवर अंडी घालणारं तांबडं-काळं फुलपाखरू असतं ना, प्लेन टायगर, ते यांचंच भावंड. इथे रुईच्या जागी मिल्कवीड. जागा उरली तर दोन झाडं त्याचीही लावा.

आता काड्या. नोव्हेंबरपासून त्यावरच्या बिया गोल्डफिंच आणि जुंको येऊन टिपतात. मार्च-एप्रिलमध्ये खोड जमिनीपासून फूट-दीड फुटावर कापा, मुळाशी नको. त्या उभ्या खुंटांच्या पोकळीत छोट्या रानमाश्या अंडी घालतात. नवा फुटवा मेअखेर त्यांना झाकून टाकतो.

समितीचं मलाही पत्र आलं आहे. उपाय असा की कडा नीट राखायची. पट्ट्याला विटांची किंवा खणलेली स्वच्छ कड, पुढे कापलेल्या लॉनची रुंद पट्टी, एखादी छोटी पाटी. आणि सगळ्यात पुढे बुटकी झाडं. कड सरळ असली की आतलं उंच झाड मुद्दाम लावलेलं आहे हे लोकांना कळतं. त्याउपर कुणी विचारलंच तर त्यांना ऑक्टोबरातल्या एखाद्या दुपारी बोलवा आणि झाडाजवळ उभं करा. मी तसंच केलं. आमच्या रस्त्यावर आता तीन घरांत माझ्याच गड्ड्यांचे फुटवे आहेत.

बाल्कनीबाग (पुणे)

सगळं वाचून फार इच्छा झाली. माझी बहीण नोव्हेंबरात तिकडून येते आहे, तिच्याबरोबर थोडं बी मागवू का? कोथरूडला गच्चीवर येईल का हे?

कृष्णाकाठ (बटेव्हिया, इलिनॉय)

येणार नाही, आणि मागवूही नका.

येणार नाही कारण या झाडाला हिवाळ्यात खरी झोप लागते. पुण्याच्या डिसेंबरात ती मिळत नाही, आणि बाहेरून आणलेलं बी मुळात तेवढ्या थंडीशिवाय नीट उगवतही नाही. उगवलंच तर जुलै-ऑगस्टच्या संततधारेत गड्डा कुजेल.

मागवू नका कारण परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय परदेशातून बी आणणं कायद्यात बसत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी पुण्याला हे सांगायला नको: गाजर गवताची भारतातली ठळक नोंद १९५५-५६ च्या सुमाराला पुण्यातलीच. तेही अमेरिकेतून आलेलं, तेही याच कुळातलं. गोल्डनरॉड इथे भुंग्यांचं अन्न आहे, पण युरोपात आणि चीनमध्ये तेच माळच्या माळ गिळतंय. जे झाड इथे शहाण्यासारखं वागतं त्याला आवर घालणारे कीटक, ससे, गवतं सगळी इथे असतात. बहिणीच्या बॅगेतून ती येत नाहीत.

तुमच्या गच्चीला चायना अ‍ॅस्टर उत्तम. बी ताजं घ्या, ते फार दिवस टिकत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात ट्रेमध्ये पेरा, महिन्याभरात कुंडीत हलवा, निचरा चांगला ठेवा. गोल्डनरॉड बघायचंच असेल तर गुलटेकडीच्या फूलबाजारात जा, गुच्छात भरायला म्हणून पिवळे तुरे ठेवतात ते तेच. आणि बहुवर्षायू, आपल्या मातीतलं, पावसाळ्याच्या शेवटी फुलणारं हवं असेल तर इथे वेगळा धागा काढा. सह्याद्रीतल्या झाडांवर इथे माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत.

वेदवती, तुम्ही मेच्या पहिल्या शनिवारी माझ्याकडे या. न्यू इंग्लंडच्या एका गड्ड्याची वाटणी यंदा करायचीच आहे, चार फुटवे तुमचे. येताना जुनी वर्तमानपत्रं आणि बादली आणा. ॲरोमॅटिक माझ्याकडचं अजून लहान आहे, ते विक्रीतूनच घ्या आणि लावल्या दिवशीच सश्यांची जाळी उभी करा.